चवदार तळ्याचा मालक कोण होता? ठराव, नदी आणि पाण्याच्या कारभाराचा प्रश्न

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो. क्रांतिस्तंभाला अभिवादन करतो, तळ्याच्या पायऱ्या उतरतो, ओंजळभर पाणी घेतो. भाषणांमधून १९२७ चा सत्याग्रह सांगितला जातो, डिसेंबरचे मनुस्मृतिदहन सांगितले जाते. एक साधा प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहून जातो. ते तळे होते कोणाचे? कोणा जमीनदाराचे, देवस्थानाचे, की सवर्णांच्या एखाद्या वाड्याचे?

ते तळे महाड नगरपालिकेच्या ताब्यात होते. म्हणजे ज्या संस्थेला आज आपण स्थानिक स्वराज्य संस्था म्हणतो, तिच्याकडे. बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला तेव्हा त्यांच्यासमोर दोन गोष्टी होत्या. एक, हजारो वर्षांची रूढी. दुसरी, एका स्थानिक संस्थेच्या कार्यवृत्तात लिहिलेला आणि कधीही अमलात न आलेला ठराव. पहिल्या गोष्टीबद्दल आपण खूप बोलतो. दुसरीबद्दल फारच कमी. आणि आज गावातली पाण्याची टाकी, ओढ्यावरचा बंधारा, नळयोजनेचा व्हॉल्व्ह हे सगळे ज्यांच्या हाती आहे, ती याच दुसऱ्या गोष्टीची वारसदार आहे. म्हणून हा इतिहास कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

ठराव झाला, तळे खुले झाले नाही

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील अशा जागा, सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. या ठरावाची भाषा लक्षात ठेवा. तिच्यात दयेची याचना नाही, धर्मशास्त्राचा आधार नाही. सार्वजनिक पैसा जिथे लागतो तिथे सर्वांचा हक्क आहे, एवढा सरळ हिशेब आहे.

पुढच्याच महिन्यात सरकारने आपल्या खात्यांना ठराव अमलात आणण्याच्या सूचना दिल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. नगरपालिकेत सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखा सुधारक होता, म्हणून हे घडले. अनेक गावांत तेवढेही घडले नाही.

पण ठरावानंतर तीन वर्षे काय झाले? काहीच नाही. एकाही अस्पृश्याने त्या तळ्याचे पाणी भरले नाही. कारण नगरपालिकेने तळे खुले असल्याचे लिहिले, पण पाणी भरायला जाणाऱ्याला संरक्षण देण्याची जबाबदारी घेतली नाही. मारहाण झाली तर काय, किराणा बंद झाला तर काय, कुळाची जमीन काढून घेतली तर काय, याचे उत्तर त्या कागदात नव्हते. हक्क कागदावर आणि पाणी सवर्णांच्या घागरीत, अशी ती अवस्था होती.

हे बोले यांच्याही लक्षात आले होते. म्हणून ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे, अशी शिफारस त्यात होती. हा मुद्दा आजही तितकाच ताजा आहे. स्थानिक संस्थेला समतेचा उपदेश केल्याने ती हलत नाही. तिच्या अनुदानाची दोरी समतेशी बांधली, की ती हलण्याची शक्यता निर्माण होते. शंभर वर्षांपूर्वी हे ओळखणारी माणसे आपल्या प्रांतात होती.

दिलेला ठराव परत घेतला जातो

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद झाली. तिची तयारी करण्यात रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते पुढे होते. अनंतराव चित्रे आणि टिपणीस सोबत होते. २० तारखेला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर परिषदेहून परतणाऱ्यांवर हल्ले झाले. तळे ‘बाटले’ म्हणून पंचगव्य मिसळलेल्या १०८ घागरींनी त्याची शुद्धी करण्यात आली.

हल्ला आणि शुद्धी आपल्याला पाठ आहे. त्यानंतरची घटना आपण विसरतो. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख पाहा. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. तळे तेच, नगरपालिका तीच, कायदाही तोच. बदलले एवढेच की ज्यांच्यासाठी ठराव होता ती माणसे खरोखर पाण्यावर आली. जोपर्यंत हक्क वापरला जात नव्हता तोपर्यंत तो द्यायला बहुमताची हरकत नव्हती. वापरला जाताच तो काढून घेण्यात आला.

मित्रांनो, स्थानिक स्वराज्याचा हा पहिला धडा आहे. बहुमताने जे दिले जाते ते बहुमताने परत घेता येते. आपला हक्क गावाच्या किंवा शहराच्या बहुमतावर अवलंबून असेल तर तो हक्क नसतो, ती सवलत असते.

पुढे १२ डिसेंबर १९२७ रोजी काही सवर्णांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा लावला आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. डिसेंबरची सत्याग्रह परिषद भरवण्यासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. मनाई हुकमाचा मान राखून सत्याग्रह तहकूब झाला. लढाई न्यायालयात गेली ती दहा वर्षे चालली. महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाने १९३३ मध्ये आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने निकाल दिला.

पण हा निकाल कशाच्या आधारावर होता, हे तरुणांनी वाचले पाहिजे. अस्पृश्यता अन्याय्य आहे म्हणून तळे खुले, असे न्यायालयाने म्हटले नाही. अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, एवढेच म्हटले. ती सिद्ध झाली असती, तर रूढी अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का याचा विचार करावा लागला असता, असेही न्यायालयाने नमूद केले. म्हणजे दहा वर्षे लढून जिंकलेला खटलासुद्धा पुराव्याच्या एका धाग्यावर लटकत होता. पुढच्या गावात दुसऱ्या कोणी रूढीचा पुरावा आणला असता तर? हा धागा तुटणार नाही अशा जागी बांधणे आवश्यक होते. ती जागा म्हणजे संविधान.

महाडचे तळे संविधानात कसे आले

१९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला आणि दलितांना पंचायतीत राखीव जागा मागितल्या. महाडच्या अनुभवानंतर गावच्या बहुमतावर आंधळा विश्वास ठेवणे त्यांना शक्य नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेडे हा राज्यघटनेचा पाया मानायला नकार दिला आणि व्यक्ती हा घटक मानला, ते भाषण प्रसिद्ध आहे. या भाषणावरून आजही त्यांना विकेंद्रीकरणाचे शत्रू ठरवले जाते.

हा आरोप अर्धवट वाचनातून येतो. त्याच महिन्यात ग्रामपंचायती संघटित करण्याचे मार्गदर्शक तत्त्व, आजचे कलम ४०, के. संथानम यांच्या दुरुस्तीने आले आणि बाबासाहेबांनी ती दुरुस्ती स्वीकारली. पण त्याच्या आधी त्यांनी दोन खिळे ठोकून ठेवले होते.

पहिला खिळा म्हणजे कलम १२. मूलभूत हक्कांच्या संदर्भात ‘राज्य’ म्हणजे केवळ केंद्र आणि राज्य सरकार नव्हे, तर स्थानिक प्राधिकरणेही. मूलभूत हक्क जिल्हा बोर्डापासून नगरपालिका आणि ग्रामपंचायतीपर्यंत प्रत्येक सत्तेवर बंधनकारक असले पाहिजेत, ही त्यांची घटना समितीतील भूमिका होती. दुसरा खिळा म्हणजे कलम १५ (२). विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा, ज्या पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून राखल्या जातात किंवा लोकांच्या वापरासाठी दिल्या आहेत, त्यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून मज्जाव करता येणार नाही. बोले ठरावातला सार्वजनिक पैशाचा हिशेब येथे पुन्हा दिसतो, पण आता तो मूलभूत हक्क झाला आहे. कोणत्याही नगरपालिकेला ४ ऑगस्टची पुनरावृत्ती करता येणार नाही अशी ही तजवीज आहे. त्यामागोमाग १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने नदी, ओढा, झरा, विहीर, तलाव, हौद, नळ, घाट अशी नावे घेऊन तेथील मज्जाव हा गुन्हा ठरवला.

म्हणून बाबासाहेबांची भूमिका आम्ही अशी मांडतो: कारभार गावाकडे जाऊ द्या, हक्क गावाच्या मर्जीवर ठेवू नका.

तळ्यापासून नदीपर्यंत

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. कामगार कायद्यांबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही या खात्याकडे होते. १९४३ च्या जुलैत दामोदर नदीचा बांध फुटला. बंगालमध्ये गावे बुडाली, रेल्वे आणि रस्ता तुटला, ऐन युद्धात कलकत्त्याची वाहतूक विस्कळीत झाली.

तोवरची पद्धत अशी होती की पूर आला की काठाचा बांध उंच करायचा. दामोदर मात्र आजच्या झारखंडातल्या, म्हणजे तेव्हाच्या बिहारमधल्या डोंगरात उगम पावते आणि बुडवते बंगालला. पाणी अडवण्याच्या जागा एका प्रांतात, पुराचे दुःख दुसऱ्या प्रांतात. १९३५ च्या कायद्याने पाणी हा प्रांतांचा विषय होता. प्रत्येक प्रांत आपल्या हद्दीपुरते पाहत होता. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याला बाबासाहेबांनी बंगाल, बिहार आणि केंद्र यांची परिषद घेतली आणि पूरनियंत्रण, सिंचन, वीज, जलवाहतूक यांचा एकत्र विचार करणारी योजना पुढे नेली. अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाचा नमुना समोर होता. तेथील अनुभवी अभियंता व्हूर्डुइन यांच्याकडून आराखडा करून घेतला गेला. त्याच वर्षी केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. तोच आजच्या केंद्रीय जल आयोगाचा पूर्वज. १९४८ मध्ये कायदा होऊन दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले.

८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला ओरिसाच्या नद्यांविषयी बोलताना त्यांनी जुन्या पूर समित्यांची विचारपद्धतीच उलटी केली. त्या समित्यांना जास्तीचे पाणी हे संकट वाटत होते आणि ते समुद्राला लवकर कसे मिळेल याची चिंता होती. पाणी ही संपत्ती आहे, लोकांचे हाल पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावाने जास्त होतात, म्हणून ते साठवले पाहिजे, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. महानदीवरच्या हिराकूड प्रकल्पामागे हा विचार आहे.

महाड आणि दामोदर हे दोन वेगळे अध्याय आहेत असे समजू नका. जातीत वरचा आणि खालचा असतो, तसा नदीतही वरचा आणि खालचा असतो. वरच्याने दार बंद केले की खालचा कोरडा राहतो, वरच्याने सोडले की खालचा बुडतो. दोन्हीकडे निर्णय वरच्याच्या एकट्याच्या हाती ठेवता येत नाही. म्हणूनच संविधानात आंतरराज्य नद्यांसाठी कलम २६२ आले आणि १९५६ मध्ये पाणीतंटा कायदा आणि नदी मंडळ कायदा झाला. यातल्या नदी मंडळ कायद्याखाली आजवर एकही मंडळ उभे राहिलेले नाही. खोऱ्याचा एकत्र कारभार करण्याची सत्ताधाऱ्यांची किती इच्छा आहे, ते यावरून दिसते.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. मैथन आणि पंचेतच्या धरणांत संथाळांसह हजारो आदिवासी आणि गरिबांची गावे गेली. पुनर्वसनाच्या तक्रारी पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिल्या. बाबासाहेबांचे नाव धरणाच्या कोनशिलेला लावून टाळ्या वाजवणे सोपे आहे. त्यांचा विचार मानणाऱ्यांनी धरणाच्या पाण्याखाली कोण गेले आणि कालव्यावर कोण आहे, हेही विचारले पाहिजे. नाहीतर वरचा-खालचा हा भेद सिमेंटमध्ये पक्का होतो.

पाणी जमिनीला की माणसाला?

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पाझर तलाव, गावतळी, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, नळपाणी योजना अशी लहान कामे मोठ्या प्रमाणावर त्यांच्या लघुपाटबंधारे आणि पाणीपुरवठा विभागांकडे आली. कोल्हापुरी बंधाऱ्याचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात पूर जाऊ द्यायचा, पावसाळा संपताच खांबांच्या खाचांत बरगे बसवून पाणी अडवायचे, पुढच्या पावसाआधी ते काढायचे. रचना साधी आहे, खर्च कमी आहे. पण बरगे वेळेवर बसले नाहीत, चोरीला गेले किंवा गळत राहिले, तर बंधारा नुसता पूल म्हणून उरतो. म्हणजे या बांधकामाचा जीव देखभालीत आहे, आणि देखभाल म्हणजे कारभार.

आणि बरगे वेळेवर बसले तरी प्रश्न उरतोच. अडवलेले पाणी कोण उचलते? ज्याची काठावर जमीन आहे आणि मोटार बसवायला पैसा आहे तो. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत सामूहिक जलव्यवस्थापनाचा आदर्श म्हणून सांगितली जाते. शेतकऱ्यांनी मिळून बंधारा आणि पाट सांभाळायचा, पाटकऱ्याने पाळीने पाणी द्यायचे, ही शिस्त खरोखर शिकण्यासारखी आहे. पण तिथेही पाणी जमिनीमागे जाते. २००५ चा शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा पाणी वापर संस्थेचे सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारकाला आणि कसणाऱ्याला देतो. भूमिहीन माणूस या लोकशाहीत मतदारच नाही.

ज्यांना शतकानुशतके जमीन मिळू दिली नाही, त्यांना जमिनीच्या आधारावर पाणी देतो म्हणणे ही कोणती समता? म्हणूनच १९५९ आणि १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह आम्ही पाण्याचेही सत्याग्रह मानतो.

दुसरा मार्ग नाही असे नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम असे: पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, कुटुंबातील माणसांवर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता येणार नाही. ऊस लावायचा नाही. हा प्रयोग राज्याचे धोरण झाला नाही, यात आश्चर्य नाही. साखर कारखानदारीच्या राजकारणाला परवडणारी ही गोष्ट नव्हती. पण पाणी माणसाला जोडता येते, हे याच महाराष्ट्रात सिद्ध झाले आहे. कोणी अव्यवहार्य म्हटले तर हे उदाहरण समोर ठेवा.

आता आपण काय करायचे?

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. अकराव्या अनुसूचीत लघुसिंचन, जलव्यवस्थापन, पाणलोट विकास आणि पिण्याचे पाणी हे पंचायतीचे विषय म्हणून आले. लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा आल्या. १९३२ मध्ये बाबासाहेबांनी मागितलेली गोष्ट साठ वर्षांनी मिळाली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात पंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग स्वच्छता आणि पाण्यासाठी बांधून दिला. म्हणजे पैसा आला, अधिकार आला, आपली माणसे सदस्य आणि सरपंचही झाली.

तरीही वस्तीचा नळ शेवटच्या टोकाला का असतो? कारण आराखडा कोठे होतो, जलवाहिनी कुठून न्यायची, टाकी कोणाच्या आळीत बांधायची, व्हॉल्व्ह कधी फिरवायचा, हे निर्णय अजूनही बैठकीबाहेर होतात. १९२४ च्या ठरावासारखेच हे आहे. कागद आपल्या बाजूने, घागर दुसऱ्याच्या हातात.

म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा चुकवू नका. जयंतीच्या मंडपाला जेवढी माणसे लागतात, तेवढी ग्रामसभेला न्या. गावाचा विकास आराखडा मागा. पाणीपुरवठा समितीत आपल्या वस्तीतली बाई आहे का आणि तिला बैठकीचे निरोप मिळतात का, ते पाहा. वस्ती विकासाच्या निधीतली टाकी खरोखर वस्तीत आहे का, ते मोजा. बंधाऱ्याचे बरगे कधी बसले, दुरुस्तीचा खर्च किती दाखवला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. ठराव झाला असेल तर त्याची प्रत हातात ठेवा, कारण ठराव बदलतात, हे महाडने आपल्याला शिकवले आहे. आणि नळावर, घाटावर, नदीवर कोणी अडवले तर समजुतीची बैठक घेऊन विषय मिटवू नका. तो गुन्हा आहे, त्याची फिर्याद द्या.

महाडला आपले पूर्वज तहान भागवायला गेले नव्हते. इतरांसारखी आपणही माणसे आहोत, हे सिद्ध करायला गेले होते. त्यांनी पाण्याला हात लावला आणि पाण्याचा कारभार उघडा पाडला. तो कारभार हातात घेण्याचे काम आता आपल्या पिढीचे आहे.

जयभीम.